निवांत हे नाव

३ फेब्रुवारी

अमेयला मुलगी झाली! श्रद्धा ठीक, बाळ ठीक. मी आत्या झाले. शाळेत बर्फी वाटली. 'बधाई हो दीदी' झालं, आणि मग ती नजर — आता तुमचा नंबर म्हणणारी. त्रेचाळिसाव्या वर्षी कसला नंबर बाप्पा!

श्रद्धाचा दवाखान्यातूनच फोन. टाके ओले आहेत अजून, पण बाईसाहेब मोबाईलवर नावं शोधून राहिल्या. 'ताई, आत्या तुम्ही, नाव तुम्हीच ठेवायचं. पण हटके पाहिजे हां. वर्गात दुसऱ्या कोणाचं नको.' एक साइट पाठवली. नाव टाकलं की ते कोणत्या वर्षी किती चाललं त्याचा आलेख निघतो, कांद्याच्या भावासारखा. मी नर्सरी शिकवते, मला कशाला आलेख? एका साली सगळे अथर्व, दुसऱ्या साली सगळ्या आराध्या. 'अथर्व बेटा' म्हटलं की अर्धा वर्ग उभा राहतो.

तरी टाकलंच. निवांत. आलेख नाहीच! 'माहिती उपलब्ध नाही.' इतकं बरं वाटलं.

४ फेब्रुवारी

निवांत आमचं आहे. म्हणजे ज्याचं आहे ते लेकरू अजून यायचं आहे. दत्तकाच्या रांगेत चार वर्षं झाली. घरच्यांना माहीत आहे, पण आता कोणी विचारत नाही. मुलगा-मुलगी काहीही चालेल असं आम्हीच लिहून दिलं होतं, तेव्हा नावही दोघांना चालणारं हवं होतं. एकदा आम्ही नवरा-बायको नदीवर, ग्वारीघाटाच्या पायऱ्यांवर बसलो होतो. अच्युत म्हणाला, 'किती निवांत आहे ना इथे.' आणि आम्ही एकमेकांकडे पाहिलं. झालं, ठरलं!

नाव मात्र कोणालाच सांगितलं नाही. आईलाही नाही. भांडी घासताना कधीकधी मी हाक मारून पाहते. हळूच.

श्रद्धासाठी इरावती काढलंय. छान आहे की.

८ फेब्रुवारी

अच्युतने माती केली!

अमेयसोबत बाळाचे वाळे आणायला कमानिया गेटच्या सराफ्यात गेला होता. दुकानदार म्हणाला, चांदीच्या वाटीवर नाव कोरून देतो. अमेय म्हणाला, नाव कुठे ठरलंय अजून. आणि आमचा नवरा — 'निवांत कसं वाटते?'

घरी यायच्या आधीच श्रद्धाचा फोन. 'ताई! कित्ती गोड! आणि साइटवर पण नाही! डन!'

तो आला तसं मी धरलंच. काहून सांगितलं? 'निघालं तोंडातून.' चार वर्षं नाही निघालं ते! तो वाकून चप्पल काढत होता. वर न बघता म्हणाला, 'कोणासाठी सांभाळून ठेवून राहिलो आपण, अवंती?'

खिचडी तशीच राहिली, दोघंही जेवलो नाही.

१० फेब्रुवारी

आईचा फोन. 'नाव दिल्याने झिजते का गं? भाचीच आहे ना तुझी!' हो, भाचीच आहे. नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागेल. कारण सांगितलं की सगळे एकदम गप्प होतील, माझ्याशी जपून बोलतील. तेवढं मात्र आता सहन होत नाही.

पण कानात नाव आत्याच सांगते. आत्या सांगेल तेच नाव. मी इरावती म्हटलं तर कोण काय करणार आहे?

१३ फेब्रुवारी

बारसं. अमेयच्या घरी पाय ठेवायला जागा नव्हती. पाळण्याला झेंडूच्या माळा, घुगऱ्या, सगळं साग्रसंगीत. श्रद्धाने दोन-तीनदा माझ्याकडे बघून ओठांनीच 'निवांत' म्हटलं. मी मान हलवली. मनात इरावती.

पाळण्यावर वाकले. एवढासा कान, त्यावर लव. ती डोळे मिटून अशी पडली होती, की आयुष्यात काही घाईच नाही. निवांत! दुसरं काही म्हणताच आलं नाही. मग कुर्रर्र केलं आणि मागून बायकांनी पाठीत धपाधप बुक्के घातले. रीतच आहे. म्हणून डोळ्यांतल्या पाण्याचं कोणाला काही वाटलं नाही.

मग मोठ्याने नाव सांगितलं. शेजारच्या तिवारी भाभी म्हणाल्या, 'निशांत? लड़की का नाम निशांत?' श्रद्धा — 'नहीं भाभी, निवांत. मतलब... आराम से.' 'आराम से? ये कैसा नाम हुआ!' मग 'निशांत, निशांत'च सुरू. पंगत उठेपर्यंत पोरगी निशू झाली होती. सासरची, माहेरची, सगळेच निशू!

चार वर्षं जपलं, आणि एक जेवण होईपर्यंत टिकलं नाही.

१४ फेब्रुवारी

पाठ दुखून राहिली.

९ मार्च

श्रद्धाच्या कांचघर मोहल्ल्यातल्या मैत्रिणीने आपल्या मुलाचं नाव निवांत ठेवलं. तिच्या नणदेलाही तेच आवडलंय म्हणे, तिला जूनमध्ये होणार आहे. श्रद्धा नुसती भडकली आहे. 'कॉपी केलं ताई! आता काय यूनिक राहिलं?' मला हसूच यायला लागलं. निघणार बाई, आलेख निघणार!

अच्युत म्हणाला, आपण दुसरं शोधू. मी म्हटलं, नको. आता नाव नको, लेकरू पाहिजे. तो बाजूला बसून मटार सोलत राहिला.

२२ मार्च

दत्तक-संस्थेतल्या दीदींचा फोन. तान्ह्या बाळासाठी थांबाल तर अजून किती वर्षं, सांगता येत नाही. मोठं लेकरू चालेल का? पाच-सहा वर्षांचं?

अच्युतकडे पाहिलं. त्याचे केस कानावर पांढरे झालेत, हे आजच दिसलं मला.

चालेल म्हटलं.

२३ मार्च

चालेल म्हटलं खरं, पण जमेल का? नर्सरीची प्रगतिपत्रकं भरायची आहेत. डोकं चालत नाही.

१९ एप्रिल

आज व्हिडिओ कॉल झाला. साडेपाच वर्षांची मुलगी. पुढचे दोन दात पडलेले. दीदींनी विचारलं, नाम बदलना चाहेंगे आप लोग? — आणि आम्ही दोघंही बावळटासारखे बघत राहिलो. मोठ्या लेकराला नाव असतंच, हे आमच्या डोक्यातच आलं नव्हतं!

मी तोंड उघडायच्या आधी तिने मोबाईलला नाकच लावलं. 'मेरा नाम संतरा है. आपका?'

'अवंतिका.'

तिने दोनदा म्हणून पाहिलं. पडलेल्या दातांतून हवाच जात होती. मग म्हणाली, 'ये नहीं आता. मम्मी बोल दूँ?'

चलेगा, म्हटलं.