खिंडीच्या पुढे तुम्ही चाललाच नव्हतात

अहो,

रविवारपासून तुमचा फ्लेक्स आपल्या ओटीवर भिंतीकडे तोंड करून उभा आहे. मीच तो तसा फिरवला. तुमचे मित्र विलासभावोजी आणि ते दोघे सोबती वर्षश्राद्धाच्या आधी घेऊन आले होते. केवढा मोठा! वर तुमचा फोटो आणि खाली सोनेरी अक्षरांत, ‘निधड्या छातीचा वाटसरू’. निधड्या छातीचा! वाचून मला हसूच फुटलं. तुमचे मित्र घाबरले. वैनींच्या डोक्यावर परिणाम झाला, असं वाटलं असेल त्यांना.

म्हणून लिहायला बसले. तुमच्यासमोर माझं बोलणं कधी पुरं झालंच नाही. मी तोंड उघडलं की तुम्ही टीव्हीचा आवाज वाढवायचात. आता काय वाढवाल?

आठवतं ना, भातं झोडून झाली, वालाला शेंगा धरल्या, की तुम्हा चौघांच्या अंगात यायचं. पेणहून रोह्याला चालत! एसटीनं तासादीडतासाचा रस्ता, पण तुम्ही जाणार बांधाबांधानं, गावागावांत मुक्काम करत, नागोठण्यावरून खिंड चढून. त्याआधी आठवडाभर मी तिखटमिठाच्या पुऱ्या तळायच्या, चटण्या कुटायच्या, तुमचे मोजे उन्हात घालायचे. आणि तुम्ही ओटीवर बसून नकाशा काढायचात. जन्म गेला ह्या भागात, तरी नकाशा!

परत आलात की पलंगावर आडवे. मी गरम पाणी आणायचं, तळपायांना तेल चोळायचं, आणि तुम्ही डोळे मिटून सांगायचं. खिंडीत वाट कशी हातभर, पाय चुकला तर माणूस थेट खाली, विलास कसा घसरला आणि तुम्ही कसा मनगटाला धरून वर ओढला. मी तेल चोळता चोळता “अगो बाई!” म्हणायचे. खरंच घाबरायचे हो मी. मूर्खासारखी.

एकदा म्हटलं, मलाही न्या. काय म्हणालात? “तुला नाय गो झेपायचं. तू गच्चीवर पापड घालून आलीस तरी धापा टाकतेस.” आणि चौघेही हसलात. त्या चौघांतल्या एकालाही माझ्या पापडाशिवाय घास उतरत नसे, ती गोष्ट वेगळी.

मग गेल्या वर्षी होळीनंतर, सकाळी दाढी करता करता तुम्ही आरशासमोरच खाली बसलात. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं आटपलं होतं. डॉक्टरांनी विचारलं, “यांनी कधी छातीत दुखतं म्हणून सांगितलं नव्हतं? दुखणं आजचं दिसत नाही.” आणि मी, तुमची अर्धांगिनी, मान ताठ करून काय म्हणाले? “नाही हो. दोन महिन्यांपूर्वी तर रोह्यापर्यंत चालत जाऊन आले!” त्या भल्या माणसाने माझ्याकडे कसं पाहिलं ते तेव्हा मला कळलं नाही. आता कळतं. कळतं आणि अंगाची आग होते.

या पौषात मी गेले रोह्याला. चालत. हो, मीच! बरोबर तुमची धाकटी भावजय रेखा आणि शेजारच्या नलूताई. रेखाच म्हणाली, “ताई, दहा महिने भिंतीला टेकून बसलात. चला, दादा कुठून जायचे ते तरी बघू.” विलासभावोजींना कळलं तसे धावत आले. “वैनी, ती खिंड बायकांचं काम नाय. काय झालं तर आम्ही काय तोंड दाखवू?” मी म्हटलं, “दाखवू नका.”

काय होती हो तुमची ती मोहीम? वाटेत दर गावात चहा मिळतो. दर दुसऱ्या घरात नलूताईंची कोणी ना कोणी भाची दिलेली. एका शेतावर पोरांनी पोपटी लावली होती, मडकं उपडं करून भांबुर्ड्याच्या पाल्यातल्या वाफाळत्या शेंगा आमच्या पुढ्यात ओतल्या. आम्ही तिघी हात भाजत, फुंकत खात होतो आणि मला तुमचे शब्द आठवत होते, “रानावनात उपाशी दिवस काढतो गो आम्ही.” उपाशी!

आणि खिंड! आम्ही पदर खोचून, काठ्या टेकत, जीव मुठीत धरून चढत होतो. मागून चारपाच बाया आल्या, डोक्यावर लाकडाच्या मोळ्या. त्यांतली एक मोबाईल खांद्याने कानाला दाबून सुनेशी भांडत होती. “वाट द्या गो मावशी,” म्हणाली आणि पुढे निघून गेली. वाट हातभर नव्हे, बैलगाडी जाईल एवढी. रेखा वाटेतच बसली आणि पोट धरून हसायला लागली. मीही हसले. तुम्ही गेल्यावर पहिल्यांदा. विलासभावोजींना तुम्ही ओढलंत कुठून, ते मात्र आम्हाला शोधूनही सापडलं नाही.

तोवर राग नव्हता. पुरुष फुशारक्या मारतात, बायका ऐकून घेतात, एवढं तर चालायचंच.

खिंडीजवळच्या वाडीत पाणी प्यायला थांबलो. ओट्यावर एक म्हातारी वाल सोलत बसली होती, हिराबाई नाव. कुठून आलात, विचारलं तिने. पेण म्हटल्यावर तिने हातातली शेंग खाली ठेवली.

“पेनची व्हय? मग ते उंच दादा कसं हायत? चौघं येतात बगा दर साली. यंदा नाय आलं.”

रेखा माझ्याकडे बघायला लागली. मी विचारलं, “कुठले उंच दादा?”

“ते गो, छातीवाले. गेल्या टायमाला हितंच, ह्या ओट्यावर निजवलं त्येंना. छातीला हात, आंग घामानं भिजल्यालं, व्हट काळं पडलं. त्येच्या आदल्या सालीबी लय येळ टेकून बसलं हुतं. मी त्या मानसांना म्हनलं, आरं, घरला फोन लावा, बायकोला सांगा. तर दादाच उठून मला म्हनतात, ‘घरी नाय कळवायचं आजी. कळलं तर ती रडत बसंल, आन माझं चालनं बंद करंल.’ मग टेम्पो बोलावला. कोलाडला गेलं.”

म्हातारीने मग विचारलं, “बरं हायत ना?”

मी म्हटलं, “व्हय, बरं हायत.” तिच्या तोंडावर कसं सांगू? तिने तर सांगितलं होतं ना, घरी कळवा म्हणून! एका अनोळखी म्हातारीला जे कळलं ते चार शिकल्यासवरल्या बाप्यांना कळलं नाही.

मी तिथेच ओट्यावर बसले. रेखा म्हणाली, “ताई, आता पुरे. टेम्पो बघते, घरी जाऊ.” टेम्पो म्हणताच मी ताडकन उठले. म्हटलं, “टेम्पोनं त्यांनी जायचं. मी चालत जाणार.”

आणि गेले. खिंडीनंतरचा सगळा उतार उतरले. सांगू का तुम्हाला? तीच वाट सगळ्यांत सुंदर आहे. खाली हिरवेगार वालाचे मळे, त्यापलीकडे उन्हात कुंडलिका, आणि वारा असा की पाठीवर हात फिरवावा. गेल्या खेपेला तुम्ही ती पाहिलीसुद्धा नाहीत! आणि घरी येऊन माझ्यापुढे तिचं वर्णन केलंत. जुन्या आठवणीतून केलंत का हो? की ज्यांनी पाहिली त्यांना विचारून? तेवढ्यापुरतं, फक्त तेवढ्यापुरतं, मला तुमचं वाईट वाटलं.

घरी आल्यावर मी कोणाला काही बोलले नाही. म्हटलं, बघू, तुमच्या जिवलगांपैकी एक तरी येऊन खरं सांगतो का. पौष गेला, माघ गेला. कोणी आलं नाही. आला तो थेट फ्लेक्स.

रविवारी ते टी-शर्टही घेऊन आले होते, छातीवर तुमचं तोंड छापलेले. वर्षश्राद्धाला ‘स्मृतियात्रा’ काढायची म्हणे, आणि तुमच्या जागी आपल्या अमितला न्यायचं. अमितने तो टी-शर्ट अंगात घातलासुद्धा. “बाबांसारखा दिसतोय ना, आई?” मी म्हटलं, “हो. अगदी बाबांसारखा.” मग विलासभावोजींकडे वळले. “भावोजी, कोलाडला काय जेवलात हो?”

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

“वैनी, त्याची शपथ होती,” ते खाली बघून म्हणाले. “आणि आम्हाला वाटलं, पित्त असेल. हॉटेलात खाटेवर निजला, लिंबूपाणी दिलं, तर उतार पडला. दुसऱ्या दिवशी रिक्षा करून रोह्याला गेलो, पुलावर फोटो काढला. तो हसत होता हो वैनी!”

पुलावरचा फोटो! ज्याला मी वर्षभर रोज हार घालते तो. रिक्षातून उतरून काढलेला. आणि त्या रिक्षातून आलेल्या पायांना मी तेल चोळत बसले होते! तुम्ही डोळे मिटून खिंडीची वाट सांगत होतात, आणि विचारलं तर म्हणालात, “यंदा जरा जास्त दमलो गो.” तेवढं एकच खरं बोललात, आणि तेही मला कळू नये अशा बेताने.

ह्याला तुम्ही मर्दानगी म्हणता? मरणाला भ्याला नाहीत, बायकोच्या रडण्याला भ्यालात. चार मिशा, आणि चौघांत मिळून एक फोन करायची हिंमत नाही! शपथ म्हणे. मित्राचे ओठ काळे पडलेले दिसतात आणि ह्यांना शपथ आठवते. असल्या मैत्रीपेक्षा ती वाल सोलणारी म्हातारी बरी. मी त्यांना सांगितलं, यात्रा काढा नाहीतर वरात काढा, माझ्या घरातलं कोणी येणार नाही. टी-शर्ट उचला.

अमित मात्र माझ्यावरच उखडला. “बाबा गेले ना आता? कशाला उकरून काढतेस? चारचौघांत त्यांची लाज काढलीस!” न जेवता शिफ्टला निघून गेला. वाटलं, झालं, लेकरूही तुमच्याच पंगतीला बसलं.

सोमवारी सकाळी मी पोहे परतत होते. अमित मागे येऊन उभा राहिला. मग कढईकडे बघत म्हणाला, “आई, कंपनीत वरच्या मजल्यावर चढताना माझ्यापण छातीत कधी कधी आवळल्यासारखं होतं.”

मी गॅस बंद केला. “कधीपासून?”

“दिवाळीपासून.”

“कोणाला सांगितलंस?”

तुमचाच मुलगा! बोलेल कसा?

मी ना ओरडले, ना रडले. चपला घातल्या आणि त्याला हाताला धरून बाहेर काढलं. वडखळला अलिबागची गाडी मिळाली. दोन दिवस तपासण्या झाल्या. आज दुपारी डॉक्टरांनी सांगितलं, एक नस अरुंद झाली आहे, पण वेळेवर आलात, सध्या गोळ्यांवर भागेल. वेळेवर आलात! अहो, हे दोन शब्द ऐकायला मी तुमच्यासाठी काय दिलं नसतं? तुम्ही ऐकू दिलेत का मला? मी रडले असते, हो. तुमचं चालणं बंद केलं असतं, तेही खरं. चार महिने माझ्यावर रुसून ओटीवर बसला असतात. बसला असतात ना!

गाडीत अमितने माझ्या खांद्यावर डोकं टेकलं आणि विचारलं, “आता मला कधीच चालता येणार नाही का गं?” मी त्याला जे सांगितलं, तेच तुम्हालाही सांगते, कारण तुम्हालाही ते कोणीतरी सांगायला हवं होतं.

डॉक्टर हो म्हणाले की मी स्वतः त्याला रोह्यापर्यंत चालत नेईन. तो बसेल तिथे आम्ही बसू, दुखलं तर मागे फिरू, आणि मागे फिरलो म्हणून घरी मोठ्याने सांगू. ह्या घरात ह्यापुढे कोणालाही शूर व्हावं लागणार नाही.

तुमच्यावर अजून रागावलेली,
सुमन