वस्तादचा अल्बम आणि उघडे सोफे

ती. ताईस,

शिरसाष्टांग नमस्कार. (प्रत्यक्षात घालता येणार नाही, कंबर धरली आहे. पत्रात घालायला काय जातंय!) तुझा गुडघा कसा आहे? दाजींचा खोकला गेला, की अजून त्यांच्याआधी घरात शिरतो? आणि तुझं मनीप्लँट? मुद्दाम विचारतोय असं समजू नकोस, आपली सहज चौकशी. इकडे सगळं ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो, पण खरं म्हणशील तर काहीही ठीक नाही. फोनच केला असता, पण फोनवर तू दुसऱ्याच वाक्याला "मुद्द्याचं बोल" म्हणतेस, आणि मुद्द्यापर्यंत यायला माणसाला जरा वाव लागतो.

तर, आमचा दोऱ्या दुकानात येत नाही. तुला आमची वाटणी माहीतच आहे. सोफ्याचं लाकूड, स्प्रिंगा, फोम माझ्याकडे. कव्हर बेतणं आणि शिवणं त्याच्याकडे. आम्हा दोघांच्या लग्नांआधीपासून हे असंच चाललंय. आता मी माझं काम करून ठेवतो आणि पुढे काहीच होत नाही. सोफे नुसते उघडे बसलेत. अंगावर कपडा नाही, पिवळा फोम आणि खिळे. गिऱ्हाईक आलं की मलाच लाज वाटते आणि मी त्यांच्यावर चादर टाकतो. दुकानात शिरलं की कुणीतरी गेल्यासारखं वाटतं.

आणि हे सगळं वस्तादमुळे. तुझ्यासाठी वस्ताद म्हणजे "तो भांडल्यासारखा गाणारा". (त्याला रॅप म्हणतात, ताई, कितीदा सांगू?) तो आणि त्याचा जोडीदार, दोघांची आवाजाला आवाज लावायची रीत, त्यावर आम्ही दोघं जीव टाकायचो. मग त्या दोघांचं काहीतरी बिनसलं आणि बोलणंच तुटलं. गेल्या वर्षी जोडीदार वारला. त्या दिवशी आम्ही दुकान बंद ठेवलं होतं, आठवतं ना? तू म्हणालीस, सख्ख्या मामाला एवढं सुतक पाळलं नाहीत. आता वस्तादचा एकट्याचा अल्बम आला.

आमचा नियम असा, की नवा अल्बम ऐकायचा तो दुकानातच, शटर अर्धं खाली ओढून, जुन्या अँप्लिफायरवर, आणि संपेपर्यंत कुणी तोंड उघडायचं नाही. इयरफोनला सक्त बंदी. (दोऱ्याच्या मते कानात बोळे घालून गाणं ऐकणारा माणूस घरात चोरून खाणाऱ्यातला.) आम्ही दोघं आणि औषधाच्या दुकानातला कंपाउंडर असे बसलो. तर वस्ताद दोन ओळी म्हणतो आणि गप्प. मागे नुसती टकटक. परत दोन ओळी, परत गप्प. प्रत्येक गाण्यात हेच! जणू बसची वाट बघत उभाय आणि मधूनमधून आठवण झाली की बोलतोय. मी म्हटलं, वस्ताद संपला. बघतो तर दोऱ्याचे डोळे भरलेले. म्हणाला, ती शांतता हाच अल्बम आहे, तुला नाही कळायची, तुझा जन्म हातोडी मारण्यात गेला. कंपाउंडर म्हणाला, दोघांचंही बरोबर आहे, तेव्हा आम्ही दोघं मिळून त्याच्या अंगावर गेलो. आमचं एकमत झालेला तो शेवटचा प्रसंग.

पुढे रोज तेच. एक गाणं लावायचं आणि भांडायचं. शेवटी मी बोलून गेलो, की जोडीदाराशिवाय वस्तादमध्ये दम नव्हताच. दोऱ्यानं एकदम हळू आवाजात विचारलं, "आणि आपल्यात?" मेली माझी जीभ! म्हटलं, "कव्हर काय, कुणीही शिवेल." त्यानं कात्री उचलली, टेप गळ्यात घातली, मशीनमधली बॉबिन केस काढून खिशात टाकली आणि गेला. (नुसती कात्री नेली असती तर मी समजलो असतो. पण बॉबिन केसशिवाय मशीन चालत नाही. ती नेली म्हणजे राग खरा.)

मग मी हातानं शिवायला बसलो. बँकेतल्या बाईंचा सोफा होता. एक बाजू आतली बाहेर झाली, शिवाय माझ्या सदऱ्याची बाही कव्हरला पक्की शिवली गेली ती वेगळीच. बाई आल्या तेव्हा मी सोफ्याला जोडलेला होतो. अल्बम लावून ठेवला होता. (आवडला म्हणून नव्हे, दुकान फार गप्प वाटतं.) त्यांनी सोफा पाहिला, मला पाहिलं, मग कान देऊन ऐकलं आणि म्हणाल्या, "अहो, ह्यातला दुसरा कुठाय?"

पर्समधून इयरफोन काढून त्यांनी माझ्या कानात घातले आणि आपल्या मोबाइलवर तेच गाणं लावलं. ताई, उजव्या कानात जोडीदार होता! त्यानं वस्तादच्या फोनवर ठेवलेले जुने निरोप. "उचल की रे. किती दिवस चालायचं हे?" वस्तादनं तेव्हा एकालाही उत्तर दिलं नव्हतं, पण निरोप सगळे जपले होते. आता डावीकडून तो दोन ओळी बोलतो आणि थांबतो, तेव्हा उजवीकडून हा बोलतो. आमच्या अँपला स्पीकरची एकच पेटी, ती डावी. (दुसरी कुठे गेली ते खाली लिहितो.) इतकी वर्षं तिच्यावर सगळं नीट ऐकू यायचं, म्हणून कुणाच्या ध्यानातच आलं नाही. अर्धा अल्बम ऐकून आम्ही पूर्ण भांडलो.

बाईंसमोर रडलो मी, बाही अडकलेली असतानाच. त्या म्हणाल्या, सोफ्याची घाई नाही. त्या गेल्यावर दोऱ्याला फोन लावला, त्यानं उचलला नाही. मी निरोप ठेवला, "उचल की रे." आणि ठेवल्यावर लक्षात आलं मी काय बोललो ते. तेव्हापासून दर गिऱ्हाइकाला तोच समजून मान वर करतो.

बाकी क्षेम. गुडघ्याला जप, दाजींना नमस्कार.

तुझा धाकटा,
चादर पांघरलेल्या सोफ्यांच्या संगतीत

ता. क. – आता मुद्द्याचं. दाजी "कोपऱ्यात काहीतरी उंच हवं" म्हणून आमची उजवी पेटी घेऊन गेले होते आणि तू तिच्यावर मनीप्लँट ठेवलंस. ती पेटी पाठव. मनीप्लँटला मी स्टूल करून देतो, हवं तर गादी लावून.

ता. क. २ – दोऱ्याचा फोन आला तर यातलं काही सांगू नकोस. जेवतो का एवढं विचार.

ता. क. ३ – पाकीट चिकटवणार एवढ्यात कंपाउंडर आला. म्हणाला, दोऱ्यानं अल्बम बायकोच्या इयरफोनवर ऐकला (चोरून खाणारा!), तुलाच फोन करून पेटी मागितली आणि मला सांगायचं नाही म्हणून शपथ घातली. ताई, तुझ्या पोटात गोष्ट राहते हे मला आज कळलं. तर पेटी त्यालाच दे, मला नको. अँप इथे माझ्याकडे आहे. पेटी घेऊन तो जाणार कुठे?