सुट्ट्या तांदळाला नंबर लागत नाही

हिर्डोशी, ता. भोर
गुरुवार, ९ ऑक्टोबर २०२५

ती. रत्नावन्सं यांस,

मंगलचा नमस्कार. तुम्ही माझा फोन उचलत नाही, आणि उचलला असता तरी हे मला फोनवर बोलता आलं नसतं, म्हणून लिहायला बसले. शेवटचं पत्र मी दहावीच्या पेपरात लिहिलं होतं, ते पण कुठल्यातरी मुख्याध्यापकांना. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

इकडे सगळं बरं आहे. सासूबाईंचे गुडघे धरलेत, पण गोठ्यापर्यंत जाऊन येतात. स्नेहल भोरला हॉस्टेलवर असते, रविवारी घरी येते आणि झोपून राहते. भात चांगलं पोसवलंय, दिवाळी झाली की कापणीला येईल. माझी तब्येत चांगली आहे.

तुम्हाला एक गोष्ट सांगायची आहे. ती सांगायला मला दहा महिने लागले. आधी तांदळाचं सांगते, कारण सगळं तिथूनच निघालं.

आपण तांदूळ सुट्टाच विकतो, पोत्यातून मापून. गेल्या साली पुण्याच्या एका सोसायटीतल्या बाईंचा फोन आला, आमची अख्खी बिल्डिंग तुमची इंद्रायणी घेईल, तुमचा जीएसटी नंबर आहे ना? मी आहे म्हणाले. का म्हणाले ते माहीत नाही. मग बचत गटाच्या अध्यक्षीणबाईंनी सांगितलं, नंबर नसला तर रस्त्यात टेम्पो अडवतात आणि माल उतरवून घेतात. अध्यक्षीणबाईंकडे नंबर नाही आणि टेम्पोही नाही, पण त्या बोलल्या आणि मी तेच धरून बसले.

भीती तर होतीच. पण खरं लिहायचं ठरवलंय तर लिहिते, मला तो कागद हवा होता. भोरच्या दुकानांतून गल्ल्याच्या वर काचेत लावलेला असतो तसा, माझ्या नावाचा. या घरात घर सासूबाईंच्या नावावर, जमीन तुमच्या भावाच्या नावावर. माझं नाव रेशनकार्डावर, तेही तिसरं.

तुमचे भाऊ हसले. म्हणाले, "सुट्टा तांदूळ हाय. त्याला कसला आलाय जीएसटी? आजापासून मापूनच देतोय न्हवं." मी तीन दिवस भुणभुण लावली. चौथ्या दिवशी गुरुवार होता, १२ डिसेंबर.

त्या दिवशी सकाळी तुमचा फोन आला होता. विहिरीवरची मोटार जळालीय, येऊन बघून जा, असं तुम्ही म्हणालात. ते तुम्हाला "बघतो" म्हणाले, ते मी चुलीपाशी बसून ऐकलं. त्यांनी फोन ठेवला आणि मला म्हणाले, "अक्काची मोटार रव्वारी बघतो. आज नाचणी मळून घिऊ."

वन्सं, ते त्या दिवशी तुमच्याकडे निघालेच नव्हते. ते घरीच थांबणार होते.

मी म्हणाले, "मंग त्या भोरच्या सल्लागाराकडं कवा जानार? माज्या कामाला तुमाला कदी येळच न्हाई." आणि पुढे बोलले नाही. ताट ठेवलं ते पण आदळून. त्यांनी अंघोळ केली, लाईट बिल, माझे फोटो, आधारकार्डाची झेरॉक्स असं सगळं एका प्लॅस्टिकच्या फाईलीत घातलं. गाडीला किक मारून "आलोच" म्हणाले. मी आतूनच हूं केलं. बाहेर आले नाही.

बाकी तुम्हाला माहीत आहे. धरणाकडेचा रस्ता, भोरला जायचा आणि तुमच्याकडे यायचाही तोच, वळणावर सांडलेली खडी.

पोलिसांनी पाकीट, किल्ली आणि ती फाईल माझ्या हातात दिली. फाईल मी कणगीच्या मागं ठेवून दिली. तुम्ही अंगणात बसून रडत होता, "म्या बोलीवलं म्हणून निगाला गं माजा भाऊ." सगळ्यांनी ऐकलं. मीही ऐकलं. उद्या सांगू, असं वाटलं. दुसऱ्या दिवशीही उद्या सांगू असंच वाटलं.

मग दहावा आला. नदीवर तासभर कावळा पिंडाला शिवेना. चुलत्यांनी स्नेहलचं शिक्षण करू म्हणून सांगितलं. मी जमीन विकणार नाही म्हणून हात जोडले. कावळे समोर उंबरावर बसून होते. शेवटी सासूबाई पुढं झाल्या आणि म्हणाल्या, "धनाजी, जिनं तुला रस्त्याला लावला, तिला या घराचा उंबरठा वलांडू द्याची न्हाई." आणि कावळा खाली आला. लोक म्हणाले, शिवला, यातच अडकला होता जीव. तुम्ही माझ्या शेजारी उभ्या होतात, तुमचा हात माझ्या हातात होता. तो तुम्ही काढून घेतलात की मी सोडला, मला आठवत नाही.

कावळा भूक लागली की येतो, हे मला तिथंही कळत होतं. तरी मी तोंड उघडलं नाही. सगळा गाव तुमच्याकडे बघत होता, माझ्याकडे कोणी बघत नव्हतं. मला ते बरं वाटलं. हे लिहिताना लाज वाटायला पाहिजे, पण मला दहा महिने नीट काही वाटतच नाही. दात काढायच्या आधी इंजेक्शन देतात, तसं सगळं बधिर आहे. जेवते, झोपते, शेण काढते.

गेल्या आठवड्यात त्या पुण्याच्या बाईंचा पुन्हा फोन आला. मग मी ती फाईल घेऊन भोरला त्याच सल्लागारांकडे गेले. तिथं प्रेरणा नावाची मुलगी बसते, स्नेहलपेक्षा चार वर्षांनी मोठी असेल. तिनं कागद बाजूला ठेवले आणि विचारलं, "काकू, तांदूळ पाकिटात भरून वर नाव छापता का?" मी नाही म्हणाले. ती म्हणाली, "मग तो करमाफ माल झाला. नुसता करमाफ माल विकणाऱ्याला नोंदणी लागतच नाही."

"किती बी विकला तरी?"

"किती का विका ना. त्या बाईंना साधं बिल लिहून द्या. यासाठी एवढ्या लांब कशाला आलात? फोनवर सांगितलं असतं."

मी तिला पुन्हा एकदा सांगायला लावलं. तिनं पुन्हा तेच सांगितलं, आणि चहा मागवला. मी तो प्यायले. मग एसटी स्टँडवर येऊन बसले. आपल्या गाडीची पाटी समोर दिसत होती, तरी मी उठले नाही. ती गाडी गेली, मग दुसरीनं आले. रडू आलं नाही.

काल सासूबाईंना ती फाईल दाखवली आणि सगळं सांगितलं. त्यांना वाचता येत नाही, पण माझा फोटो त्यांनी ओळखला. म्हणाल्या, "मंजी रत्नीनं न्हाई धाडला?"

"न्हाई. म्या धाडला."

त्यांनी फाईल मिटून बाजूला ठेवली. मग म्हणाल्या, "म्या कावळ्याला सांगून बसले गं." संध्याकाळी त्यांनी माझ्या हातचं खाल्लं नाही. स्वतः चूल पेटवली, दोन भाकरी थापल्या आणि एक माझ्यासाठी झाकून ठेवली.

आज सकाळी मात्र पातळ धुऊन वाळत घातलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तिनं हितला उंबरठा वलांडायचा न्हाई. शब्द दिलाय, त्यो मोडत न्हाई. पर माजं पाय हाईत न्हवं."

रविवारी मी त्यांना भोरपर्यंत घेऊन येणार आहे. तिथून तुमच्या नसरापूरकडच्या गाडीत बसवून देईन. मी पुढं येत नाही. हे पत्र टपालात टाकत नाही, त्यांच्याच हाती देते आहे. म्हणजे तुम्ही हे वाचताय तेव्हा त्या तुमच्या दारात उभ्या असतील. त्यांना ये म्हटल्याशिवाय त्या आत यायच्या नाहीत, आणि त्यांचे गुडघे दुखतात.

खाली तुमची वहिनी असं लिहिलं होतं, ते खोडलंय.

मंगल धनाजी