पऱ्यांचं वाण

हर्नडन, जानेवारी २००७

अहो,

आज इथल्या आपल्या मराठी मंडळाचं हळदीकुंकू झालं. घरी आल्यावर सांगायला तुम्ही नाही, म्हणून लिहितेय.

तुम्ही गेल्यानंतरची ही पहिली संक्रांत. मंडळाच्या मालतीकाकूंचा फोन आला. अडखळतच म्हणाल्या, "ये गं. किचनकडे बघशील ना?" म्हणजे हॉलमध्ये नको. इतकी वर्षं तिथेच वाण लुटलं होतं मी! म्हटलं, "किचन बघते, काकू. पण वाणही आणणार आहे."

काकू म्हणाल्या, "बघ बाई, तुला बरं वाटेल तसं."

काय नेलं असेल मी? भिंगं. लहानशी, प्लॅस्टिकची. आणि लायब्ररीतल्या त्या जाड पुस्तकातल्या चित्रांच्या कलर कॉपी. राणी व्हिक्टोरियाच्या काळात पऱ्या रंगवणाऱ्या चित्रकारांचं ते पुस्तक. "मॅट्रिक झालेली बाई पऱ्या बघत बसते," असं चिडवायचात. एकदा जवळ येऊन बघितलं असतंत तर?

गवताची पाती झाडाएवढी, डेझीची फुलं छत्रीएवढी, आणि खाली अख्खं गाव नांदतंय. एका चित्रकाराला वेड्यांच्या इस्पितळात ठेवलं होतं. बाहेरचं जग बंद झालं, तर त्याने गवतात दुसरं वसवलं. एका लहानशा चित्रावर वर्षानुवर्षं काम करत बसला. हे सगळं मी हॉलमध्ये उभं राहून सांगितलं, आपल्या साध्या मराठीत.

मग तिळगुळाबरोबर भिंगं पुढे केली. क्षणभर एकही हात पुढे येईना. विधवेच्या हातचं वाण घ्यायचं का?

काकूंची सून प्रिया उठली. "द्या मावशी, मला बघायचंय."

तिच्यामागे सगळ्याच आल्या. टेबलावरच्या चित्रांवर डोकी वाकली. गवतातल्या एका इवल्याशा माणसाच्या हातात कुऱ्हाड बघून तिचा लेक ओरडला, "आजी, लुक, ही हॅज ॲन ॲक्स!" काकूंनी चष्म्यावर भिंग धरलं. "अगं, आणि या दोघी कुचाळक्या करतायत. अगदी आपल्या मंडळातल्या."

हसता हसता त्यांनी कुंकवाची कोयरी उचलली आणि माझ्यासमोर येऊन थांबल्या. मी कपाळ पुढे केलं.

तुमची आठवण आली, पण रडले नाही. फार भूक लागली होती, दोन वेळा जेवले.

मंडळात माझ्यासारख्याच आणखी दोघी विधवा आहेत, ज्यांना हळदीकुंकवाचं बोलावणंच जात नाही. पुढच्या संक्रांतीला मी त्यांच्या दारात जाईन, गाडीत बसवीन आणि हॉलमध्ये पहिल्या रांगेत नेऊन बसवीन. हा माझा शब्द.

तुमचीच,
सुमन