पडद्यामागे उघडलेला डबा

आई,

आधी घडलं ते क्रमाने लिहिते.

१. गेल्या मंगळवारी सकाळी मी आणि आमच्या विभागाचे साहेब कंपनीच्या जीपने चिंचवडहून लोहगावच्या विमानतळावर गेलो. दिल्लीला जायचं होतं.
२. साडीच्या आत मी मेणकापडाची चड्डी घातली होती. तिच्यात कापडाच्या दोन घड्या.
३. बॅगेत पितळी डबा होता. डब्यात कोऱ्या घड्या चार, ओल्या घडीसाठी मेणकापडाची पिशवी एक.
४. तपासणीच्या टेबलावरच्या पोलिसाने डबा उघडायला सांगितला. साहेब माझ्या मागे दोन हातांवर उभे होते. मी उघडला नाही.
५. मला डब्यासकट पडद्यामागे नेलं. तिथल्या बाई पोलिसाने अंग चाचपलं. तिचा हात कमरेखाली थांबला.
६. मी तिला सांगितलं.
७. विमान वेळेवर सुटलं. मी त्यात होते.

सहावा मुद्दा तुला आवडणार नाही, म्हणून हे पत्र.

तू गेलीस तेव्हा मी चौदा वर्षांची होते, आता पंचवीस. सहाव्या वर्षी माझ्या पाठीच्या मणक्याचं ऑपरेशन झालं. पाय वाचले, लघवीवरचा ताबा गेला तो परत आला नाही. हे मी आज एका वाक्यात लिहू शकते. आपण दोघी मात्र त्याला नुसतं 'तसलं' म्हणायचो. तसलं झालंय का, तसलं वाळलं का. वसाहतीतल्या आपल्या खोलीचा चुलीचा कोपरा अजून मला नीट दिसतो. तू जमिनीवर मेणकापड पसरतेस, माझी जुनी चड्डी त्यावर ठेवून खडूने रेघ ओढतेस, कातरतेस, शिवतेस, आणि शिवणीवर सायकलच्या पंक्चरचं सोल्युशन बोटाने लावतेस. त्याचा गोडसर उग्र वास भाकरीच्या वासात मिसळतो. ते वाळलं की चड्डीचे दोन्ही पाय सुतळीने आवळायचे, ती खुंटीला टांगायची, आत दोन तांबे पाणी ओतायचं आणि खाली राखेचं ताट ठेवायचं. मग तू भाकऱ्या थापायला बसतेस. सात भाकऱ्या होईपर्यंत कुणी त्या ताटाला हात लावायचा नाही. सातवी टोपल्यात पडली की तू तव्यावरून नजर न काढता विचारतेस, "बघ गं, राख काय म्हणती?" मी वाकून बघते. थेंब पडला असता तर राखेत खळगा दिसला असता. "कोरडी आहे," मी सांगते. "मग घाल," तू म्हणतेस, आणि त्या दिवशी जेवताना तू गुणगुणत असतेस.

मेणकापड तुझ्या कारखान्यातलं. तू तिथे रबरी वायसरांच्या कडा कातरायचीस. एका सुट्टीत मला नेलं होतंस तेव्हा तू प्रत्येक वायसर डोळ्यासमोर धरून उजेडात एकदा फिरवत होतीस, आणि तुझे हात मनगटापर्यंत काळे होते. डागी मेणकापडाचा तुकडा तू मेस्त्रींकडे मागितलास तो 'बाळाच्या अंथरुणाला' म्हणून. त्यामुळे शेजारी बसणाऱ्या बायका कित्येक वर्षं तुला विचारायच्या, "काय म्हणतंय बाळ?" आणि तू मान वर न करता सांगायचीस, "बाळ पाचवीत गेलं." त्या हसायच्या, त्यांना ती थट्टा वाटायची. मी तुझ्या शेजारी पोत्यावर बसून ऐकत होते. तू एकही शब्द खोटा बोलली नव्हतीस.

सांगायचं नाही, हा नियम तू तिसरीच्या वर्षी घातलास. मी शेजारच्या बाकावरच्या मैत्रिणीला सांगितलं होतं आणि दुपारच्या सुट्टीपर्यंत ते वर्गभर झालं होतं. घरी येऊन मी रडले. तू मोरीत घड्या पिळत होतीस. मला मारलं नाहीस, जवळही घेतलं नाहीस, पिळतच राहिलीस. "सांगितलंस ना?" तू म्हणालीस. "मग आता ते तुझं राहिलं न्हाई. आता ते त्यांचं झालं." त्या संध्याकाळपासून तू वाळत घातलेल्या घड्यांवर तुझं जुनं लुगडं पसरायला लागलीस. विहारातसुद्धा मी दाराजवळ, सतरंजीच्या कडेला, वेगळ्या बस्करावर बसायची आणि कुणी विचारलं तर तू सांगायचीस की पोरीला मधे गुदमरतं. सोळा वर्षं मी तो नियम पाळला.

डिप्लोमा झाल्यावर मी चाकणच्या रस्त्याला पंप करणाऱ्या एका कारखान्यात तपासणीला लागले. माझं काम गळती शोधण्याचं आहे. सांध्यात गळती अडवायला रबरी गास्केट बसवलेल्या पंपात हवा भरायची, तो पाण्याच्या टाकीत बुडवायचा आणि दहा मिनिटं बुडबुडा येतो का बघायचं. पहिल्या आठवड्यात तिथल्या मेस्त्रींनी विचारलं, "बाई, इतकं गप बसून बघायला कुठं शिकलात?" मी म्हटलं, घरी. काम मला आवडतं. बाहेरगावी जायचं तेवढं मी दोनदा टाळलं, घरून परवानगी नाही असं सांगून. त्यामुळे बाबा कंपनीत फार कडक म्हणून प्रसिद्ध आहेत. या वेळी टाळता येत नव्हतं. दिल्लीच्या गिऱ्हाइकाने पंप गळतात म्हणून सगळा माल परत पाठवायचं ठरवलं होतं. चाचण्या मी केल्या होत्या, कागदावर सह्या माझ्या होत्या. बाबांना दिल्लीचं सांगितलं. ते म्हणाले, "जा. ती असती तर डबा तिनंच भरून दिला असता."

टेबलावरचा पोलिस दिवसभराचं तेच तेच काम करणाऱ्या माणसासारखा कंटाळलेला होता. "डबा उघडा," तो म्हणाला.

"हा पडद्यामागे उघडते."

"जेवणाचा डबा? पडद्यामागं?"

रांगेत कुणीतरी हसलं. साहेब मागून म्हणाले, "अहो बाई, उघडा की. तुमची भाजी कोण पळवतंय!" मी झाकणावर हात ठेवला. "बाई पोलिसांसमोर उघडते," मी दुसऱ्यांदा तेवढ्याच आवाजात म्हटलं. डबा तिथे उघडला असता तर सोमवारी कारखाना मला वेगळ्या नजरेने बघणार होता, आणि मागे फिरले असते तर माझ्या सह्यांवर दुसरंच कुणीतरी दिल्लीत बोलणार होतं. शेवटी त्याने हात झटकला आणि आत हाक मारली.

पडद्यामागची बाई पंचेचाळिशीची, खाकी साडीतली, मावळातली असावी. "हात वर करा ताई," म्हणत तिने खांद्यापासून सुरुवात केली आणि कमरेखाली थांबली. "हे काय बांधलंय?"

मी घरून उत्तर तयार करून नेलं होतं: पोटाचं ऑपरेशन झालंय, पट्टा आहे. चार दिवस आरशासमोर म्हणूनही बघितलं होतं. पण तिचा हात त्या वस्तूवरच होता, आणि समोर वस्तू असताना तिच्याबद्दल चुकीची नोंद करायची मला सवय नाही. मी म्हटलं, "मला लघवी आवरत नाही. लहानपणापासून. ही मेणकापडाची चड्डी आहे, आत कापडाची घडी. डब्यात कोऱ्या घड्या आहेत."

तिने डबा उघडला. एक घडी उचलली, उलटसुलट केली, आणि मला अपेक्षा नव्हती ते केलं: नाकाशी नेली. "वास न्हाई येत," ती म्हणाली.

"उकळून उन्हात वाळवली की नाही येत."

"आन ह्यातनं गळत न्हाई?"

"नाही."

"बसल्यावर बी?"

मी तिच्याकडे बघितलं. हा प्रश्न ज्याच्या घरात हे नाही तो विचारणार नाही. "कुणाला आहे?" मी विचारलं.

"पोरीला," ती म्हणाली. आवाज एकदम खाली आला होता. "एकोणिसावं चाललंय. पहिलं बाळंतपण, दोन दिस अडली व्हती. मूल बी राहिलं न्हाई आन हे मागं लागलं. साल झालं, उंबऱ्याभायेर न्हाई आली. सासरचे तर नावच काढंनात."

"मोठ्या दवाखान्यात दाखवा. पुष्कळदा ऑपरेशनने बरं होतं."

"दाखवलंय की. डाक्टर म्हणले, दिवाळीनंतर करू. तवर काय करू?"

बाहेरून टेबलावरचा ओरडला, "काय झालं ओ आत?" "बाईमाणसाची तपासणी हाय, येळ लागतो!" ती त्याच्यापेक्षा मोठ्याने ओरडली, आणि पुन्हा माझ्याकडे वळून हळू म्हणाली, "कसं शिवायचं त्ये लिहून धाडाल का? माझ्याकडं मशीन हाय. शिंप्याकडं न्हाई जायाची मी." मी वही पुढे केली. तिने मोठ्या, दाबून लिहिलेल्या अक्षरांत पत्ता लिहिला, घडी पहिल्यासारखी ठेवली, झाकण लावलं आणि ते बसलंय का हे अंगठ्याने दाबून बघितलं. बाहेर येऊन टेबलावरच्याला म्हणाली, "औषधाचं हाय. जाऊ द्या."

साहेब घड्याळ बघत उभे होते. "काय बाई, बंदूक सापडली की काय?"

"नाही. गास्केट."

"अरे वा, नमुने बरोबर घेतलेत? शाबास!" दिल्लीपर्यंत ते याच समजुतीत होते, आणि मी ती दुरुस्त केली नाही. साहेबांना सांगण्याचं काही कारण नाही. एवढा नियम मी ठेवला आहे.

विमानाबद्दल तुला थोडं सांगते. खुर्चीचा पट्टा पोटावर येतो, तो जरा सैल ठेवला की दाब पडत नाही. खिडकीतून पहिल्यांदा नदी दिसली, मग कारखान्यांचे पत्रे, आणि मग सगळं एकसारखं तपकिरी. थोड्या वेळाने एका मुलीने सरबत आणलं. तू मला प्रवासाच्या आदल्या संध्याकाळपासून पाणी तोडायला शिकवलंस आणि मी ते इतकी वर्षं करत आले. त्या दिवशीही ओठ कोरडे होते. पण पडद्यामागे जे भ्यायचं होतं ते भिऊन झालं होतं. मी सरबत प्यायले. पुन्हा मागून घेतलं. तासाभराने मागच्या मोरीत जाऊन घडी बदलली. जागा इतकी अरुंद की कोपर भिंतीला लागतं, पण कडी घट्ट आहे आणि दिवा चांगला आहे. परत येऊन बसले तेव्हा मला झोप लागली. परक्या माणसांत बसून मला झोप लागल्याचं आठवत नाही.

दोष पंपांचा नव्हता. गिऱ्हाइकाच्या माणसांनी जोडताना वायसर उलटा बसवला होता. मी तो काढला, उजेडात धरून एकदा फिरवला आणि त्यांच्यासमोर सरळ बसवला. तुला ते बघायला आवडलं असतं.

आज रविवार. दुपारभर बसून त्या बाई पोलिसासाठी चड्डीचं ड्रॉइंग पूर्ण केलं आहे. सगळी मापं इंचांत आणि बोटांतही दिली आहेत, सोल्युशन किती वेळ वाळू द्यायचं ते लिहिलं आहे, सात भाकऱ्याही लिहिल्या आहेत, कारण तिच्याकडे घड्याळापेक्षा तवा नक्की असेल. कारखान्यातल्या ड्रॉइंगला असते तशा तळाच्या चौकटीत 'रचना' पुढे 'आई' लिहिलं आहे, 'तपासणी' पुढे माझी सही आहे. 'मंजुरी' मोकळी आहे. तू म्हणाली होतीस ते बरोबर होतं, सांगितलं की ते आपलं राहत नाही. हे आता त्या पोरीचं होईल. तिची आई ते शिवेल, खुंटीला टांगेल, आणि पोरगी वाकून राख बघेल.

एक गोष्ट राहिली. ड्रॉइंगमधली शिवण तुझ्या जागी नाही. तू ती बरोबर तळाशी घ्यायचीस, आणि ती गळायची. टांगून बघताना शिवणीवर बसण्याचा भार येत नाही, म्हणून राख कोरडी राहायची. शाळेत तिसऱ्या तासानंतर गळायची. मी नळावर जाऊन परकर सगळाच भिजवून घ्यायची आणि पाणी पिताना सांडलं म्हणून सांगायची. तुला आठ वर्षं सांगितलं नाही, कारण सातव्या भाकरीनंतर तू गुणगुणायचीस. तू गेल्यावर त्याच उन्हाळ्यात मी शिवण पुढे, चार बोटं वर घेतली. तेव्हापासून थेंब नाही.

हे पत्र ड्रॉइंगच्या मूळ प्रतीबरोबर माझ्याच कपाटात राहणार, हे मला माहीत आहे. तरी आमच्याकडे ड्रॉइंग मंजुरीला पाठवताना शेवटी एक ओळ लिहितात, ती लिहिते. ठरलेल्या दिवसापर्यंत हरकत न आल्यास मंजूर समजलं जाईल. त्या पोरीला फार थांबवता येणार नाही, म्हणून मुदत कमी आहे. शिवणीच्या नव्या जागेबद्दल काही म्हणायचं असेल तर मंगळवारी सकाळी टपाल निघण्याआधी कळव.