नदी कोणत्या बाजूले होती

बाबा, आम्ही पवनीला जाऊन आलो. आई आणि मी. तुम्ही विचाराल त्याआधीच सांगून टाकतो, शेवटची गाडी चुकली नाही, कारण परत आलोच दुसऱ्या दिवशी. मुक्काम केला. हे ऐकून तुम्ही असाल तिथं चपला शोधायला लागला असाल, पण आता ऐकून घ्या पूर्ण.

कुठंही गेलं की तुमचा पहिला प्रश्न ठरलेला. कन्हानला आत्याकडे लग्न आहे, आपण मांडवात शिरतो, कोणीतरी पाण्याचा गिलास पुढं करतं, आणि तुम्ही पाणी पिण्याआधी विचारता, "परतीची शेवटली गाडी कितीची?" अजून अक्षता पडायच्या असतात. आत्या चिडायची. "अरे दादा, आधी आला तं सही! बस तं खरं जरासा!" तुम्ही बसायचात, पण खुर्चीच्या काठावर. सोयऱ्यांनी तुमचं नावच ठेवलं होतं, परतीचे भाऊजी. पंगतीत लाडू वाढायला येईपर्यंत तुम्ही आम्हाला उठवायचात आणि आम्ही हात पुसत पुसत तुमच्या मागं स्टँडकडे पळायचो. लहानपणी मला लाज वाटायची. मोठेपणी राग यायला लागला. आणि आता निवृत्त झाल्यावर माझंच काय झालंय म्हणाल, तर नाटकाला गेलो तर दाराजवळची खुर्ची पाहतो, आणि कोणाच्या घरी गेलो तर गाडी आधी वळवून लावतो. तुमची सून म्हणते, "सासरे तरी बरे होते, पोहोचल्यावर विचारत. तुम्ही तं घरातूनच परत निघता."

पवनीला आपण एकदा गेलो होतो, आठवतं का? मी चौथीत असेन, धाकटी आईच्या कडेवर. आईचं माहेर कोरडवाहू, आणि लग्न करून ती आली नागपूरच्या महालात, जिथं नदी म्हणजे नाग नदी, नाक दाबून ओलांडायची. शेजारची एक बाई पवनीची होती. ती वैनगंगेचं असं काही वर्णन करायची, की पलीकडचा माणूस मुंगीएवढा दिसते, पाण्यात पायऱ्या उतरतच जातात, देवळंच देवळं. आईनं तुमच्या मागं किती दिवस लकडा लावला ते मला माहीत नाही, पण एका रविवारी आपण निघालो. आईनं तिखटमिठाच्या पुऱ्या केल्या, वांग्याचं भरीत, पिशवीभर संत्री. बसमध्ये ती खिडकीशी बसली आणि उमरेड गेलं तेव्हापासून विचारत होती, आली का, आली का.

पवनीच्या स्टँडवर उतरलो आणि तुम्ही थेट चौकशीच्या खिडकीवर. खिडकीतला माणूस म्हणाला, संध्याकाळच्या गाडीचा भरोसा नाही, आली तर आली. ही समोर उभी आहे ती मात्र पक्की. झालं! बाकड्यावरच डबा उघडला. पुऱ्या खाल्ल्या, संत्र्यांची सालं पिशवीत भरली, आणि त्याच उभ्या गाडीत बसून आपण नागपूरला परत आलो. नदीच्या गावाला जाऊन नदी न बघता परत आलेली माणसं जगात आपण चौघंच असू. येताना भिवापूरला मिरच्यांचा खाट नाकात गेला, सगळी गाडी शिंकत होती, आणि त्या शिंकांमध्येच आईनं तुम्हाला विचारलं, "अहो, नदी कोणत्या बाजूले होती?" तुम्ही मागं कुठंतरी हात केलात. "तिकडं. पुढच्या बारीले मुक्कामानं येऊ." आई गप्प बसली. गप्प बसणं आणि गप्प करणं, दोन्ही तिला छान जमायचं. महालातल्या आपल्या दोन खोल्यांत रात्री कधी कधी एक मांजर ओरडायचं. मी दचकून उठायचो. आई अंधारात थोपटायची, "मांजर आहे गा, झोप." ते मांजर दिवसा मला कधी दिसलं नाही. मी त्याच्यासाठी दाराशी दूधही ठेवून पाहिलं होतं.

पुढची बारी आली नाही. घर बदललं, धाकटीचं लग्न झालं, तुम्ही निवृत्त झालात, आणि गेलात तेही घाईघाईनं. दवाखान्यात गेल्या गेल्या तुम्ही नर्सला विचारलंत, "घरी कधी सोडता?" ती हसली. मीही हसलो. तिथून आम्ही तुम्हाला घरी आणलं, पण तसं नाही.

आता आई माझ्याकडे असते, हुडकेश्वरला. तिच्या डोळ्यांत काचबिंदू आहे. बाजूचं दिसणं गेलं, समोरचं तेवढं दिसतं, नळीतून पाहिल्यासारखं. दिवाळीनंतर डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, गेलेलं परत येत नाही, आहे ते किती टिकेल सांगता येत नाही, थेंब टाकत राहा. मला वाटलं आई रडेल. रिक्षात बसल्यावर ती म्हणाली, "मले पवनीले नेतोस का? दिसून राहिलं तोवर नदी पाहू दे." बाबा, एवढ्या वर्षांत तिनं पवनीचं नाव काढलं नव्हतं. मला वाटत होतं ती विसरली.

मग आम्ही निघालो, स्वतःच्या गाडीनं. सकाळी जायचं, दुपारी नदी, अंधाराच्या आत घरी, असं मी ठरवलं होतं. पण आधी गॅस बंद केला का पाहायला मीच परत वर गेलो, मग हवा तपासली, मग उमरेडला उगीच चहाला थांबलो आणि चहा गार व्हायच्या आत उठवलं. पोहोचायला दुपार कलली. जुन्या किल्ल्याचा दरवाजा गेला, खंदक गेला, गल्ल्या अशा शांत की आमच्याच गाडीचा आवाज मला टोचत होता. घाटाच्या वर एक बाई चहाची टपरी चालवते. गाडीतून उतरलो आणि माझ्या तोंडून काय निघावं? "ताई, नागपूरला अंधाराच्या आत पोहोचायचं तर इथून कितीला निघावं लागते?" ती बाई माझ्याकडे बघतच राहिली. "अहो काका, आता तं आले न तुम्ही! गाडी तुमची, डिझेल तुमचं, कोण नेऊन राहिलं तुम्हाले? बसा, च्या घ्या." आई गाडीत बसल्या बसल्या हसायला लागली. "बापाचा पोरगा आहे बाई तो," म्हणाली.

मी तिला धरून पायऱ्यांपाशी नेलं. खाली धरणामुळे तुंबलेलं पाणी, मोठं, रुंद, आणि त्यावर दुपारचं ऊन. आई हात कपाळावर धरून उभी राहिली. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मला वाटलं नदी पाहून. "काहीच नाही दिसत गा," ती म्हणाली. "नुसती चकचक होऊन राहिली. डोळ्यात सुया गेल्यावानी होते." मी म्हटलं जरा थांबू, ऊन उतरेल. ऊन उतरलं तर अंधुक झालं, आणि अंधुक प्रकाशात तिला अजिबात दिसत नाही. "राहू न आज इथंच," ती म्हणाली. "सकाळी दिसन." आणि बाबा, मी चक्क कारणं द्यायला लागलो. उद्या दूधवाला येईल. औषधाची दुसरी बाटली घरी आहे. पाण्याची मोटर. तुमची सून एकटी आहे. त्यातलं एकही खरं कारण नव्हतं, पण पाय असे वळवळत होते की मी ते म्हणतच गेलो. आई "बरं" म्हणाली. तिनं काठी उचलली आणि गाडीत येऊन बसली.

किल्ल्याच्या दरवाज्यातून गाडी बाहेर काढत होतो. आई काचेतून बाहेर पाहत होती, म्हणजे चेहरा तिकडं होता. आणि तिनं विचारलं, "नदी कोणत्या बाजूले राहिली गा?"

मी ब्रेक मारला. मागून एक ट्रॅक्टर येत होता, त्याचा माणूस मला काय काय बोलला ते इथं लिहीत नाही. मी गाडी वळवली आणि घाटाजवळच्या एका धर्मशाळेत खोली घेतली. दोन खाटा, एक खिडकी, आणि खिडकीला न लागणारी कडी. ती कडी मी लावून पाहिली, काढून पाहिली, पुन्हा लावून पाहिली. गाडीचं कुलूप पाहून आलो. आईनं खाटेवरून सगळं ऐकलं आणि म्हणाली, "बस न गा आता. ते तं मुक्कामाले भीत होते. तू कायले भेतं?"

कशाला भीत होते, असं मी विचारलं. "त्यायची आई लहानपणीच गेली नं," ती म्हणाली, आणि मग मला सांगितलं. तुम्ही झोपेत ओरडायचात. 'आई' म्हणून, लहान पोरासारखं, मोठ्यानं. तुमच्या मामाच्या घरी एकदा सगळे जागे झाले आणि हसले, तुमची नक्कल केली, आणि तेव्हापासून तुम्ही परक्या छताखाली डोळा लावला नाही. "लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मले सांगतलं, आणि म्हणाले, पोरायले सांगू नको. नाही सांगतलं."

"मग आपलं ते मांजर?"

"कुठचं मांजर गा!" आई हसली, तोंडाला पदर लावून, खूप वेळ.

बाबा, मला तुमचा इतका राग आला. एवढ्याशा गोष्टीसाठी! आम्ही हसलो नसतो हो. किंवा हसलो असतो, आणि मग विसरलो असतो, आणि आईनं नदी पाहिली असती, डोळे चांगले होते तेव्हा, कडेवर पोर घेऊन. मग त्या दुधाची वाटी आठवली. मी दाराशी ठेवलेली वाटी सकाळी रिकामी असायची. ती कोण पीत होतं, आई ओतून टाकायची की तुम्ही, हे विचारायचं मात्र राहून गेलं.

सकाळी उजाडताना आम्ही घाटावर होतो. ऊन यायचं होतं. आई एकेक पायरी चाचपत उतरली, खालच्या ओल्या पायरीवर बसली आणि पाय पाण्यात सोडले. मी तिचा दंड धरून, चपला हातात. तिनं मान हळूहळू फिरवली, नळीतून पाहायचं तर तसंच पाहावं लागतं, थोडं थोडं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. पलीकडे कोणीतरी डोंगा ढकलत होता. "मुंगीएवढाच आहे व्वा," आई म्हणाली. "खरं सांगत होती ते बाई." मग पुन्हा पहिल्यापासून मान फिरवली. "ह्या बाजूले होती म्हणा!" हे तिनं मला नाही म्हटलं. मी एकदा मागं वळून पाहिलं, तुम्ही चौकशी करून पायऱ्या उतरताय की काय म्हणून.

कधी निघायचं हे मी विचारलं नाही. म्हणजे ओठांवर आलं होतं, गिळलं. ऊन पाण्यावर आलं तेव्हा आईनंच हात वर केला, उठव म्हणून. उठता उठता ती सहज म्हणाली, "रात्री मांजर ओरडलं गा." मी तिच्याकडे पाहिलं. ती पायरी शोधत होती.

घरी येऊन तुमच्या सुनेला विचारलं, मी झोपेत ओरडतो का. ती पोळ्या करत होती. "मले वाटलं तुम्हाले माहीत आहे," म्हणाली. "कितीक वर्षं झाली. सासरे गेले तेव्हापासूनच." काय ओरडतो, विचारलं. तिनं पोळी उलटली. "'बाबा, थांबा' म्हणता. तेवढंच. मंग झोपता." मी बाहेर येऊन गाडी धुतली, धुतलेलीच होती तरी.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, ते मला कळतं. पुढच्या महिन्यात रामटेकला जाऊ म्हणते आई, मुक्कामानं. मी हो म्हटलंय, आणि तेव्हापासून पायांची वळवळ सुरू आहे. आज सकाळी चहा पिताना ती म्हणाली, "काल रात्री मांजर नाही आलं वाटते." मी म्हटलं, येईल आज. खरं सांगू का बाबा, मला ते यायला हवं आहे.