शंभर एमएल वरण

ब्रह्मपुरी, मंगळवार

तीर्थरूप काकाजींच्या पायांवर डोकं ठेवतो (तुम्ही पाय मागे घेतलेत तरी). तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून हा कागद. बीपी कसं आहे? वाढलं ते माझ्यामुळेच, पण मेडिकलवाला पुतण्या विचारल्याशिवाय कसा राहील? काकूंना नमस्कार. माझं नाव निघालं की त्या अजून भांडी आपटतात, असं ऐकतो.

दुर्गेच्या लग्नात वरणाचा कारभार तुम्ही माझ्यावर सोपवलात आणि माझी छाती फुगली. दिवसभर दुकानात एमएलमध्ये बोलणारा माणूस मी. म्हटलं, माणशी शंभर एमएल, चारशे पानं, म्हणजे चाळीस लिटर झालं काम. 'शंभर एमएल' कोरलेली मापाची पळी मुद्दाम वडशाहून आणली. घरी तालीमही केली होती. भाताला आळं पाडून खोकल्याच्या औषधाच्या दहा एमएलच्या टोपणानं वरण ओतलं, दहा टोपणांत काठोकाठ भरलं. (भात आईनं वाढलेला होता, आणि ती मला डाएटवर ठेवून आहे.)

पण आपला झाडीतला माणूस पंगतीत आळं पाडत नाही, शेतातली बोडी, म्हणजे तळंच, खोदतो, हे मी धानाच्या मुलखात वाढून कसा विसरलो? तुमच्या व्याह्यांनी, दादाजींनी, भाताला चारी बाजूंनी पाळ बांधली. मी ऐटीत पळी ओतली. वरण भातात मुरलं, ओलसुद्धा दिसेना. टोपणात काही मुरत नाही हो काकाजी, तिथंच माझं गणित फसलं. दादाजी वर बघून म्हणाले, "काऊन बापू, डोळ्यात टाकाचं औषध हाय का हे?" अख्खी पंगत हसली. दुसऱ्या पंगतीत वरण तळाला गेलं आणि मी जे केलं ते लिहितानाही कान तापतात. उरलेल्यात दोन बादल्या गरम पाणी ओतलं. ते दुर्गेच्या सासूच्या पानावर पडलं आणि पानावरून वाहत थेट तिच्या नव्या लुगड्यात. मी मांडवामागून सटकलो, मिळेल ती जीप धरली. बहिणीच्या पाठवणीलाही थांबलो नाही.

केलं मी, भोगते ती. सासरी तिला 'शंभर एमएल' म्हणतात म्हणे. फार लाज वाटते, काकाजी. हल्ली गिऱ्हाइकाला 'दोन टोपणं घ्या' सांगतानाही जीभ अडखळते.

तुमचा तोंड लपवून बसलेला,
सूरज

ता. क. : खरं काम हे. दुर्गेला माहेरी आणायला जाल तेव्हा मलाही न्या. सगळ्यांसमोर तिची माफी मागायची आहे, पण त्या अंगणात एकट्यानं पाय ठेवायची हिंमत नाही.

ता. क. २ : पाकीट चिकटवतानाच तिचा फोन आला. "हॅलो, शंभर एमएल बोलून राह्यली," म्हणाली. ती रडेल म्हणून मी आधीच रडून घेतलं. तर म्हणते, "दादा, बाबासंगं ये, पण उपाशी ये. सासरे म्हणतात, त्याच्या भाताले पाळ मी बांधतो. अन् वाढीन मी. तुहीवाली पळी रुखवतात लपवून आणली हाय."